विटा किती? मोजा की!

दोस्तांनो, समजा बदलापूरला तुमचे बाबा घर बांधायला निघालेत. कंत्राटदार म्हणतो, "साहेब, अंदाजे एवढे लागतील." अंदाजे म्हणजे किती, ते तुम्हीच काढा की! घ्या वही.

एक भिंत धरू. लांबी ३ मीटर, उंची ३ मीटर, जाडी २० सेंटिमीटर. घनफळ १.८ घनमीटर. १९ × ९ × ९ सेंटिमीटरच्या विटा एका घनमीटरला, मधला सिमेंटचा माल धरून, साधारण ५०० लागतात. म्हणजे ९०० विटा. अहो थांबा, दार विसरलात! १ मीटर रुंद, २ मीटर उंच दाराचे ०.४ घनमीटर, म्हणजे २०० विटा वजा. उरल्या ७००. ट्रकमधून उतरवताना काही फुटणारच, शेकडा ५ जादा धरा. झाल्या ७३५. भाव मात्र दुकानात जाऊन विचारा. (आमच्या वेळचा सांगितला तर हसाल!)

खरी गोची जोत्याची. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. हजारावर प्रवाशांना सोडवावं लागलं. तेव्हा आपल्या जागेत पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजारच्या आजोबांना विचारा. जोतं अर्धा मीटर वाढवलं, तर ३ × ४ मीटरच्या एकाच खोलीत ६ घनमीटर भराव जादा लागतो. शिवाय मुरूम धुमसल्यावर खाली बसतो, म्हणून आणायचा त्याहूनही जास्त.

कंत्राटदाराच्या 'अंदाजे'त हा भराव धरलाय का? पहिला हप्ता द्यायच्या आधी बाबांना विचारायला लावा.