घरांतील मंडळी आणि घराचा धनी

आद्य ख्रिस्ती समाजाविषयीं एक मत आपल्या सुशिक्षित वर्गांत इतकें रूढ झालें आहे कीं, त्यास पुरावा मागणें हाच उद्धटपणा ठरूं पाहतो. तें मत असें : पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोक घरांत जमत, तोंवर त्यांचा धर्म निर्मळ होता. तेथें कोणी मोठा नव्हता, कोणी लहान नव्हता. पुढें इ. स. ३१३ नंतर राजाश्रय मिळाला, भव्य मंदिरें उभीं राहिलीं. मंदिराबरोबर पुरोहित आला, पुरोहिताबरोबर श्रेष्ठकनिष्ठभाव आला आणि बंधुभाव लोपला. या मताचें पंडिती रूप जर्मन विधिशास्त्रज्ञ रुडॉल्फ झोम यानें १८९२ सालीं मांडलें. ख्रिस्ती मंडळीचें स्वरूप आणि कायद्याचें स्वरूप हीं परस्परविरोधी होत, हा त्याच्या ग्रंथाचा सिद्धांत. लौकिक रूप याहून सोपें आहे : भिंती सोडा, घरीं परत चला, म्हणजे धर्म आपोआप शुद्ध होईल.

या मतामागची तळमळ खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. खुद्द महाराष्ट्रांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तोही संस्थेच्या चौकटीबाहेरील बंधुभावाच्या ओढीनेंच. परंतु तळमळ ही एक गोष्ट आणि इतिहास ही दुसरी. आमचें म्हणणें असें कीं, समता ही घराची देणगी कधींच नव्हती. त्या मंडळ्यांत जें कांहीं थोर होतें तें घरामुळें आलें नाहीं. तें घराच्या धन्याशीं आणि घराच्या रीतीशीं झगडून मिळवावें लागलें.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. पौलाच्या पत्रांत घरीं जमणाऱ्या मंडळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. प्रिस्का व अक्विला हें तंबू करणारें दांपत्य जेथें राहील तेथें त्याच्या घरीं मंडळी जमे. निंफा नांवाच्या बाईच्या घरीं एक मंडळी होती, फिलेमोनाच्या घरीं दुसरी. यरुशलेमांत योहान मार्काची आई मरीया हिचें घर प्रार्थनेसाठीं उघडें असे. हे लोक छळाच्या भीतीनें घरांत लपत, ही समजूत मात्र टिकत नाहीं. त्रोवस येथील सभा तिसऱ्या मजल्यावर, पुष्कळ दिवे लावून, मध्यरात्र उलटेपर्यंत चालली होती; खिडकींत बसलेला युतुख नांवाचा एक तरुण पेंगून खालीं पडला, एवढी ती लांबली. लपणारीं माणसें असे दिवे लावीत नाहींत. रोमजवळचीं भुयारें ही दफनभूमि होती. ती उपासनेसाठीं दडण्याची जागा नव्हती. आणि साम्राज्यभर लागू झालेला पहिला छळ डेसिअस बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. २५० सालीं झाला. तत्पूर्वीचा छळ स्थानिक व अधूनमधून होणारा होता. सभा घरोघरच होत, हेंही पूर्णपणें खरें नाहीं. एडवर्ड ॲडम्स या अभ्यासकानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दुकानें, कारागिरांच्या कर्मशाळा, भाड्याच्या जागा यांचाही तितकाच विचार करावा लागतो असें साधार दाखविलें आहे. जस्टिन हा हुतात्मा तर रोममध्यें एका स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहून तेथेंच शिकवीत असे.

आतां ज्या घराचे गोडवे गाइले जातात तें घर कसें होतें, तें पाहूं. रोमन जगांतील सधन घर म्हणजे चार भिंतींत सुखानें नांदणारें लहान कुटुंब नव्हे. त्यांत धनी, त्याची पत्नी व मुलें, त्याचे गुलाम, मुक्त केलेले गुलाम आणि आश्रित येत. आणि या सर्वांवर धन्याची सत्ता चाले. अशा घरांत मंडळी जमली म्हणजे यजमानाचें छप्पर, यजमानाची भाकर आणि यजमानाचा शब्द हीं तिघें एकत्र आत जात. भोजनगृहांत तीन बाजूंस तीन मंचक मांडण्याची रीत होती व त्यांवर साधारणतः नऊ माणसें टेकून जेवीत. दहावा कोठें बसे? पडवींत, चौकांत, किंवा वाढणाऱ्यांच्या रांगेंत.

या प्रश्नाचें उत्तर करिंथ शहरानें दिलें आहे. इ. स. ५५ च्या सुमारास पौलानें तेथील मंडळीस लिहिलें तें पत्र उपलब्ध आहे, आणि त्यांतील तक्रार अशी कीं, प्रभुभोजन म्हणून लोक जमतात, परंतु जो तो आपापलें जेवण आधींच उरकून घेतो. त्यामुळें एक उपाशी राहतो आणि दुसऱ्यास मद्य चढतें. ज्यांच्याजवळ कांहीं नाहीं त्यांस लाज आणली जाते. गेर्ड टाइसन प्रभृति विद्वानांनीं याचा अर्थ असा लाविला आहे कीं, हा श्रीमंत व गरीब यांच्यांतील भेद होता. आमच्या भाषेंत यास एकच शब्द आहे : पंक्तिभेद. ख्रिस्ताच्या मृत्यूस पुरती तीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं, मंदिराची एक वीटही रचली गेली नव्हती, आणि पंक्तिभेद उंबरा ओलांडून आंत येऊन बसला होता. तो बाहेरून कोणी आणला नाहीं. तो त्या घरचाच होता.

आणि पौलानें सांगितलेला उपायही नीट पाहण्यासारखा आहे. एकमेकांसाठीं थांबा, असें तो सांगतो. आणि ज्यास भूक आवरत नसेल त्यानें आपल्या घरीं खाऊन यावें, असेंही सांगतो. पहिल्या वाक्यांत न्याय आहे. दुसऱ्यांत तडजोड आहे. कारण श्रीमंताचें ताट त्यानें रिकामें केलें नाहीं, फक्त दृष्टीआड केलें. आम्ही त्यास दोष देत नाहीं, त्याची अडचण ओळखतों. ज्याच्या घरांत बसावयाचें त्याच्याच ताटावर बोट ठेवणें किती अवघड, हें ज्यांनीं दुसऱ्याच्या ओसरीवर कार्य चालविलें आहे त्यांस सांगावयास नको.

पुरोहित मंदिरानें आणला, या दुसऱ्या आरोपाकडे वळूं. कालक्रमच या आरोपाच्या विरुद्ध साक्ष देतो. अंत्युखियाचा इग्नाशिअस इ. स. ११० च्या सुमारास मंडळ्यांस बजावतो कीं, बिशपावांचून बाप्तिस्मा नको व प्रीतिभोजनही नको. त्या वेळीं ख्रिस्ती लोकांचें स्वतंत्र मंदिर कोठेंही असल्याचा पुरावा नाहीं. उपासनेसाठीं बदलून घेतलेली सर्वांत जुनी ज्ञात ख्रिस्ती वास्तु सीरियांत फरात नदीकांठीं दुरा-युरोपस येथें उत्खननांत सांपडली. तिचा काळ इ. स. २४० च्या आसपासचा, म्हणजे इग्नाशिअसनंतर सव्वाशें वर्षांचा. तेंही मुळांत घरच. दोन खोल्यांमधील भिंत पाडून सुमारें १३ मीटर लांब व ५ मीटर रुंद असें दालन केलें होतें, आणि एका खोलींत बाप्तिस्म्याचें कुंड बांधून भिंतींवर उत्तम मेंढपाळ, पक्षाघाती रोग्यास बरें करणें इत्यादि चित्रें काढलीं होतीं. इ. स. २५६ च्या सुमारास सासानी सैन्याच्या वेढ्यांत तटबंदी भक्कम करण्यासाठीं तें घर मातीखालीं गाडलें गेलें, म्हणूनच तें टिकलें. त्या दालनाच्या एका टोकास एक बुटका ओटा आहे. ओट्यावर कोण बसे वा उभा राहे तें ज्यानें त्यानें ठरवावें. परंतु घरांत ओटा आलेला आहे, हें डोळ्यांनीं दिसतें. आणि राजाश्रयापूर्वीं मंदिरें नव्हतीं असेंही नाहीं : निकोमेडिया येथील मंदिर राजवाड्यांतून दिसत होतें, आणि इ. स. ३०३ सालीं छळाचा आरंभ तें पाडूनच झाला.

मग अधिकारी पुरुष आला कोठून? तीमथ्याच्या नांवें असलेल्या पहिल्या पत्रांत बिशपाची कसोटी सांगितली आहे : जो स्वतःचें घर नीट चालवितो त्यानेंच देवाची मंडळी सांभाळावी. याहून स्पष्ट कबुली कोणती हवी? घरधन्याचा नमुना पुढें ठेवूनच बिशप घडविला गेला. योहानाच्या तिसऱ्या पत्रांत दियत्रेफस नांवाचा एक गृहस्थ भेटतो. त्यास अग्रस्थानाची हौस. तो प्रवासी बांधवांस स्वतः थारा देत नाहीं, आणि जे देतात त्यांस मंडळींतून घालवितो. याकोबाच्या पत्रांत सोन्याची आंगठी घालून आलेल्यास चांगली बैठक व मळक्या वस्त्रांच्या गरिबास उभें राहण्याची जागा देणाऱ्या सभेची कानउघाडणी आहे. हीं सारीं मंदिराच्या पूर्वीचीं दुखणीं होत.

तर मग या मंडळ्यांत गौरवण्यासारखें कांहींच नव्हतें काय? होतें, आणि तें फार मोठें होतें. फिलेमोनास लिहिलेलें पत्र घ्या. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम. तो पौलाकडे पोंचला, ख्रिस्ती झाला, आणि पौलानें त्यास परत पाठवितांना बरोबर पत्र दिलें : यास आतां गुलामाप्रमाणें नव्हे, प्रिय बंधूप्रमाणें घरांत घे. हें पत्र एकट्या धन्यास लिहिलेलें नाहीं. त्याच्या घरीं जमणाऱ्या मंडळीसही तें उद्देशून आहे. गुलामाचें काय करावें हा त्या काळीं धन्याचा खासगी मामला. पौलानें तो खासगी राहूं दिला नाहीं. पत्र मंडळीपुढें आलें म्हणजे धन्याच्या छपराखालीं, धन्याच्या भाकरीवर बसलेल्या माणसांस धन्याच्या कृतीकडे पाहण्याचा अधिकार मिळाला. पौलानें गुलामगिरी मोडली नाहीं हें आम्ही जाणतों, आणि त्याच परंपरेंतील इतर पत्रांत बायकांस व गुलामांस आज्ञापालनाचे धडे आहेत हेंही विसरत नाहीं. परंतु घराच्या आंत घराहून मोठें असें न्यायासन प्रथमच मांडलें गेलें, आणि आमच्या मतें त्या चळवळीचें खरें तेज येथेंच आहे.

याची फळें विरोधकांच्या लेखांतही दिसतात. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा अधिकारी धाकटा प्लिनी हा ट्रेजन बादशहास कळवितो कीं, हे लोक ठराविक दिवशीं पहाटेपूर्वीं जमून ख्रिस्तास देव मानून स्तोत्र गातात, चोरी व व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, आणि पुन्हां जमून साधें निरुपद्रवी अन्न खातात. अधिक माहितीसाठीं त्यानें दोन दासींस यातना दिल्या. त्या मंडळींत ‘सेविका’ या पदवीनें ओळखल्या जात. धन्याच्या घरीं ज्यांस बसण्यास मंचक नव्हता, त्यांस मंडळींत पद होतें!

आणि हें तेज टिकविलें कशानें? ज्या नियमांचा झोमच्या अनुयायांस तिटकारा, त्यांनींच. फिलोथिऑस ब्रिएनिऑस यानें १८८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन पुस्तिकेंत, भांडण असलेल्या दोघांनीं समेट केल्यावांचून भोजनास बसूं नये, आणि तीन दिवस ठाण मांडून बसणारा संदेष्टा खोटा समजावा, असे रोखठोक नियम आहेत. जस्टिन इ. स. १५५ च्या सुमारास रविवारच्या उपासनेचें वर्णन करितो : ग्रंथवाचन, अध्यक्षाचा उपदेश, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, आणि जे हजर नाहींत त्यांचा वांटा सेवकांनीं त्यांच्या घरीं पोंचवावयाचा. जमलेला निधि अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान व परके यांच्यासाठीं. आफ्रिकेंतील टर्टुलियन इ. स. १९७ मध्यें त्याच निधींतून गरिबांचें दफन व वृद्ध गुलामांचा सांभाळ होई असें सांगतो. म्हणजे गरिबाचा वांटा यजमानाच्या लहरीवर सोडलेला नव्हता. तो ठरविलेला होता. दयाळू यजमान आज असतो, उद्यां नसतो. नियम हा उपाशी माणसाचा आधार आहे.

कोणी म्हणेल, हे तर मंदिराचे व बिशपाचे वकील झाले. तसें नाहीं. पुढें जें गमावलें त्याचें दुःख आम्हांसही आहे. चौथ्या शतकांत लवदिकिया येथील धर्मसभेनें एका नियमानें मंदिरांत प्रीतिभोजनास मनाई केली आणि दुसऱ्यानें बिशपांस व वडिलांस घरांत प्रभुभोजनाचा विधि करण्यास मनाई केली. मंदिरांतून जेवण गेलें, घरांतून विधि गेला. एकत्र जेवतांना जो पंक्तिभेद निदान उघडा पडत होता, तो यापुढें पडूं नये अशीच जणूं सोय झाली. ही हानि खरी आहे. परंतु तिची भरपाई केवळ घरीं परतल्यानें होणार नाहीं. कारण परतल्यावर दाराशीं तोच धनी उभा असणार.

म्हणून, घरांतील उपासनेचे गोडवे गाणाऱ्यांस, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आमचे कांहीं साधे प्रश्न आहेत. छप्पर कोणाचें आहे? बाहेर भजन रंगलें असतां स्वयंपाकघरांत कोण आहे, आणि तें भजन तिच्या कानावर पूर्ण पडतें काय? शेवटीं कोण जेवतें? जो आला नाहीं त्याचा वांटा कोण पोंचवितो? आणि घरधन्याचें चुकलें तर त्याच्याच बैठकींत बसून त्यास तसें सांगण्याची सोय आहे काय? करिंथच्या मंडळीस यांतील पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें लाजिरवाणीं द्यावीं लागलीं. पण तिला ते विचारले गेले, आणि विचारणारें पत्र तिनें फाडून टाकिलें नाहीं, जपून ठेविलें. अनुकरणच करावयाचें असेल तर तें त्या जपण्याचें व्हावें.