लेकराचा गुडघा सुजला? डोळेही दाखवा!

संधिवात म्हाताऱ्यांनाच होतो, असे पुष्कळांना वाटते. म्हणून तीन-चार वर्षांची पोर सकाळी लंगडत उठली, गुडघा सुजला, की "पडली असेल" म्हणत तेल चोळले जाते. आयाबायांना आमचे सांगणे आहे, सूज आठ-पंधरा दिवसांत उतरली नाही, तर दवाखाना गाठा. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी.

बालसंधिवाताच्या एका प्रकारात पहिल्या सहा महिन्यांत चारच किंवा त्याहून कमी सांधे धरतात. बहुधा गुडघा, घोटा. मुलींत हा अधिक. आधी सूज उतरवणारे औषध देतात, गरज पडल्यास सांध्यातच स्टेरॉइडचे इंजेक्शन. तेवढ्याने भागले नाही तर मेथोट्रेक्सेट. हे औषध आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. रोज दिल्यास जिवावर बेतते. सांधा आखडू नये म्हणून व्यायामही हवाच.

खरा धोका डोळ्यांना. आतून सूज येते, पण डोळा लाल होत नाही, दुखत नाही. पोर तक्रार करीत नाही आणि नजर जाऊ शकते. म्हणून लहान वयात सुरुवातीची काही वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी यंत्रावर डोळे तपासावे लागतात.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बालरोग आणि नेत्र, दोन्ही विभाग आहेत. आर्वी-हिंगणघाटहून येणाऱ्यांनी दोन्हींची तारीख एकाच दिवशी मागावी. मजुरी एकदाच बुडेल. गुडघा बरा होऊन पोर हुंदडू लागली, तरी डोळ्यांची तारीख चुकवू नका.