वाचनाची नवी पाटी कोणाच्या हाती?

मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागील घोषित हेतू होता. अंधेरीच्या वस्त्यांतून वा घाटकोपरच्या डोंगरउतारावरील चाळींतून येणाऱ्या, घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नसलेल्या मुलाच्या हाती अशी पाटी येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पाठ्यपुस्तक टॅबवर आले म्हणजे ग्रंथालय घरी आले, असे मात्र होत नाही.

मोबाईल घरोघरी असताना टॅब कशाला, असे कोणी विचारील. बोरिवली वा मुलुंडच्या लोकलमधील गर्दीत मोबाईलच सोयीचा, हे मान्य. परंतु नियतकालिकाचे पान त्या चिमुकल्या पडद्यावर मावत नाही. प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते; वाचक थकतो आणि चित्रफितींकडे वळतो. दहा इंची पडद्यावर तेच पान जवळजवळ संपूर्ण दिसते. दृष्टी मंदावलेल्या वृद्धाला अक्षर मोठे करून घेता येते. गंभीर वाचनाला अवकाश लागतो. तो येथे मिळतो.

मराठीत वाचण्याजोगे आहे काय, ही शंकाही निराधार आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोश आज संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. साने गुरुजींच्या निधनाला साठ वर्षे उलटल्याने २०११ पासून त्यांचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आहे. ते कोणीही छापावे, कोणीही पडद्यावर आणावे.

खरा प्रश्न मालकीचा आहे. २००९ साली अ‍ॅमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटीफोर’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, असे कारण देण्यात आले. पैसेही परत केले गेले. परंतु विकत घेतलेले पुस्तक घरात शिरून उचलून नेण्याची सत्ता कंपनीकडे आहे, हे जगाला कळले. सरकारचे धोरणही विसंगत आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर मात्र तो १८ टक्के होता. २०१८ साली तो ५ टक्क्यांवर आला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरताच. कागदावरचे ज्ञान करमुक्त आणि पडद्यावरचे करपात्र, हा कोणता न्याय?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानही मिळते. त्या अनुदानातून टॅब घ्यावेत आणि पुस्तकाप्रमाणेच सभासदांना घरी न्यावयास द्यावेत. जुन्या नियतकालिकांच्या फायली शब्द शोधता येईल अशा युनिकोड अक्षरांत आणाव्यात. ई-पुस्तकावरील कर रद्द व्हावा. उपनगरांतील कार्यकर्त्यांनी या मागण्या आपापल्या ग्रंथालयांत आणि प्रभागांत धसास लावाव्यात. पाटी स्वस्त होईल तेव्हा होईल. तिच्यावरचे अक्षर सार्वजनिक राहील की नाही, हे मात्र आजच ठरावयाचे आहे.