सुट्टीतील भाडेलूट थांबवा

दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत खासगी बसमालकांकडून होणारी भाडेलूट परिवहन विभागाने कठोर कारवाई करून थांबवलीच पाहिजे. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारणी करता येणार नाही, हा शासन निर्णय २०१८चा. तरीही शुक्रवारी रात्रीच्या पुणे-नागपूर स्लीपरचे भाडे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरेच दिसते. परतीची बस रिकामी धावते, ही बसमालकांची अडचण खरी. पण दीडपटीची मुभा पुरेशी आहे.

या लुटीची झळ प्रवाशापुरती राहत नाही. गावी जाऊन येण्यातच चौघांच्या कुटुंबाचा खिसा रिकामा झाला, की पहिली कात्री लागते ती सिनेमाच्या तिकिटांना. सहकुटुंब येणाऱ्या प्रेक्षकांवर तगलेला मराठी चित्रपट आणि तालुक्याचे एकपडदा चित्रपटगृह यांना ऐन हंगामातला हा फटका सोसवणारा नाही.

प्रत्येक थांब्यावर कमाल भाड्याचा फलक लावावा, तिकीट विकणाऱ्या अॅपनाही तीच मर्यादा लागू करावी आणि ती मोडणाऱ्या बसचा परवाना निलंबित करावा. हंगाम सरल्यावर होणाऱ्या कारवाईचा प्रवाशांना काडीचाही उपयोग नाही. परिवहन विभागाची पथके आजच रस्त्यावर उतरली पाहिजेत.