पत बाईची, नोंद कुणाची?

‘तुमचं सिबिल बघावं लागेल.’ चिंचपोकळी-लालबागची बाई कर्ज मागायला बँकेत गेली की तिला हे वाक्य ऐकावं लागतं. तिच्या व्यवहाराचा निवाडा करणारा हा कागद कर्ज देणाऱ्याने वाचायचा आणि जिच्याबद्दल तो लिहिला तिने मात्र कधी पाहायचाही नाही, हे आपण का खपवून घ्यायचं?

हा कागद म्हणजे पत-अहवाल. कर्ज कुठून घेतलं, हप्ते वेळेवर भरले की नाही, कुणाला जामीन राहिलात, याची ती नोंदवही. सिबिल ही कंपनी २००० साली निघाली, २००५ साली त्यासाठी कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. त्या ३०० ते ९०० या दरम्यान आपल्याला गुण देतात.

पण मैत्रिणींनो, या वहीत काय येत नाही तेही पाहा. वाण्याची फेडलेली उधारी येत नाही. भिशी येत नाही. सावकाराकडून सोडवून आणलेलं मंगळसूत्र येत नाही. म्हणजे बाईचा जन्मभराचा चोख व्यवहार या वहीत कोराच!

आपल्या गिरणगावाने याचं उत्तर कधीच दिलंय. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तारण द्यायला काही नसलेल्या या बायका एकमेकींच्या भरवशावर बँकेच्या दारात गेल्या. कर्ज घेतलं आणि फेडलंही. १९८२ च्या संपात पगार थांबले, तेव्हाही कित्येकींनी उधारीवर कामगारांची ताटं वाढली. ही पत नव्हे तर काय?

कोऱ्या पानाहून वाईट असतं ते दुसऱ्याने खराब केलेलं पान. ‘बायकांना कर्ज लवकर मिळतं’ म्हणून कर्ज तिच्या नावावर काढायचं आणि पैसा मात्र पुरुषाने वापरायचा, हे घरोघरी चालतं. ‘नुसती सही तर करायचीय’ म्हणत दिराच्या कर्जाला तिला जामीन ठेवलं जातं. हप्ते थकले की डाग तिच्या नावावर! नवरा सोडून गेला तरी तो डाग सोडून जात नाही. तडजोडीने कमी पैसे भरून खातं मिटवलं, तर तीही नोंद ‘सेटल्ड’ म्हणून राहते. वसुलीवाला हे सांगत नाही.

आणि हे कळतं कधी? ऐन गरजेला. २०२० साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा घराची किंमत होती ९.५ लाख रुपये. कामगाराच्या विधवेने एवढी रक्कम रोख कुठून आणायची? तिने गृहकर्ज मागितलं की आधी तिचा अहवाल उघडतो. नवऱ्याने आयुष्यभर गिरणीत घाम गाळला, तिने घर ओढलं, आणि शेवटी भलत्याच्याच थकलेल्या हप्त्यावरून हक्काचं घर अडायचं!

म्हणून हा कागद आपल्या हातात घेऊया. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. न घेतलेलं कर्ज दिसलं, फेडलेलं कर्ज बाकी दिसलं, तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा २०२४ पासून नियम आहे. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. कर्ज फिटलं की बँकेकडून बाकी नसल्याचा दाखला मागून घ्या. आणि पान कोरं आहे एवढ्याच कारणाने पहिलं कर्ज नाकारता येत नाही, हे सरकारने २०२५ साली संसदेत सांगितलेलं आहे. बँकेत हे ठणकावून सांगा.

बचत गटांनी आणि महिला मंडळांनी वर्षातली एक बैठक यासाठीच ठेवावी. एकमेकींचे अहवाल वाचावेत, तक्रारी तिथेच लिहाव्यात. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी बाईने विचारलंच पाहिजे: पैसा कुणाच्या हातात जाणार आणि हप्ता कोण भरणार?

उत्तर मिळत नसेल, तर सही नाही!