पोलीस व्हायचंय, तर आधी लिहायला शिका

पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत या गावांतली बारावी झालेली पुष्कळ मुलं-मुली पेणच्या किंवा अलिबागच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घालतात आणि मनात पोलीस भरती धरून बसतात. पहाटे धावायचं, दिवसा गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात घासकाम नाहीतर रंगकाम करायचं, आणि कॉलेजात परीक्षेपुरतं जायचं. घरची गरज मला कळते, मेहनतीबद्दल तर शंकाच नाही. तरी या मुलांना एक आग्रहानं सांगायचं आहे: पहिलं वर्ष वाया घालवू नका. हेच वर्ष तुम्हाला घडवणार आहे.

भरतीचा हिशेब बघा. शिपाई पदासाठी मैदानाचे गुण 50. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. लेखी परीक्षेचे गुण 100 आणि वेळ दीड तास. त्यात गणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. मैदानात निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखीला बोलावणं येत नाही, म्हणून पळायलाच हवं. पण दुप्पट गुण कागदावर आहेत, आणि कागदाची तयारी दोन महिन्यांच्या क्लासमध्ये होत नाही. मराठी व्याकरणात गुण गेले म्हणून यादीबाहेर राहणं, हे मराठी माध्यमात बारा वर्षं शिकलेल्या मुलाला शोभत नाही.

आता नोकरी लागल्यानंतरचं बोलू, कारण ते क्लासमध्ये कुणी सांगत नाही. पोलीस ठाण्यातला माणूस दिवसभर लिहीत असतो. फिर्याद, जबाब, पंचनामा, स्टेशन डायरी, मुद्देमालाची नोंद. हे सगळं संगणकावर चढवायचं, तेही मराठी टंकलेखनात. रडत आलेल्या बाईचं बोलणं ऐकून, तिच्या तोंडी नसलेला शब्द न घालता आणि तिनं सांगितलेला एकही न गाळता उतरवणं, हे कसब आहे. कायद्यानं ती फिर्याद तिला वाचून दाखवायची असते, तिची सही घ्यायची असते आणि प्रत फुकट द्यायची असते. चुकीचं लिहिलं तर न्याय तिथेच अडतो.

तुम्हाला हे जमेल असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात केसभरही हलत नाही, नजर दुसरीकडे जात नाही. पंचनाम्याला हीच नजर लागते. रोज रात्री दहा ओळी लिहा. आज एसटी थांब्यावर काय पाहिलं? किती वाजता, कोण उभं होतं, गाडी कुठल्या दिशेनं आली, उजेड किती होता? ‘बहुतेक’, ‘वाटतं’ हे शब्द न वापरता लिहा. स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळं ठेवा. वर्षभरात भाषा कशी घट्ट होते ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

दुसरं, न्यायालयात जाऊन बसा. पेणला न्यायालय आहे, अलिबागला जिल्हा व सत्र न्यायालय आहे. काही नाजूक खटले सोडले तर कामकाज खुलं असतं. फोन बंद करून, नीट कपडे घालून, मागच्या बाकावर गप्प बसायचं. बचावाचे वकील तपास अधिकाऱ्याला काय विचारतात ते ऐका. पंचनामा किती वाजता सुरू केला? कुठे बसून लिहिला? अंतर कशानं मोजलं? पंच कोण, ते तिथे कसे आले? एका तारखेच्या गफलतीनं, एका खाडाखोडीनं उभा खटला कसा ढासळतो, हे एकदा बघितलेला मुलगा पुढे निष्काळजीपणे लिहिणार नाही.

कायदाही आत्तापासून वाचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. बाजारातली जुनी गाईडं अजून जुन्या दंड संहितेतली 302 आणि 420 ही कलमं पाठ करायला लावतात. ती बाजूला ठेवा. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यायचं आहे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे. मोबाइलमधला पुरावा कसा जपायचा, हे नव्या शिपायालाही ठाऊक असावं लागेल. सायन्स घेतलेल्यांनी तर न्यायवैद्यक शास्त्राकडे जरूर पाहावं. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला त्याच्या शासकीय संस्था आहेत.

पदवी अर्धवट सोडू नका, हे पालकांनाही सांगतो. 2024 मध्ये 17,471 जागांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे शंभरातल्या एकालाच खाकी मिळणार. उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय? हातात पदवी असेल तर लोकसेवा आयोगाची उपनिरीक्षक पदाची परीक्षा देता येते, वकिलीला जाता येतं, इतर सरकारी परीक्षांना बसता येतं. बारावीवर थांबलेल्या मुलाला चौथ्या भरतीनंतर वय निघून गेल्यावर फार थोडे रस्ते उरतात. त्याची उमेद त्या वयात मोडते, आणि ते बघवत नाही.

एक इशारा. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. गोविंदात किंवा आगमनाच्या मिरवणुकीत झालेली हाणामारी, मोबाइलवर पुढे ढकललेला भडक मजकूर, यातून गुन्हा दाखल झाला की कित्येक वर्षांची मेहनत अडचणीत येते. गुन्हा असेल तर अर्जात लपवू नका. लपवणं जास्त महागात पडतं. आणि ‘सेटिंग करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. आईचं मंगळसूत्र मोडून दिलेले पैसे परत येत नाहीत.

मुलींनो, पोलिसांत तीस टक्के जागा तुमच्यासाठी राखीव आहेत. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचा असतो. ठाण्यात तुमची गरज आहे. ‘मुलीला कुठे पाठवायचं’ म्हणणाऱ्या घरच्यांना हे सांगा.

आता गावाला आवाहन. कारखानदारांनो, पहिल्या वर्षाच्या पोरांना कॉलेजच्या वेळेला सोडा, त्यांचे तास संध्याकाळी धरा. गणपती गेल्यावर काम सैल असतं तेव्हा एखादी शेड, चार बाकं आणि दिवा त्यांना अभ्यासाला द्या. आणि आपल्या गावांतल्या सेवेतल्या व निवृत्त पोलिसांनो, महिन्यातला एक रविवार काढा. पोलीस पाटलांना सोबत घ्या, पोरांना एक खोटी चोरी मांडून द्या, पंचनामा लिहायला लावा आणि त्यावर लाल पेनानं खुणा करा. चूक कुठे झाली ते तुमच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.