आधी खतावणी, मग संगणक

हिंगोली आणि वसमतच्या बाजारपेठांत नव्या हळदीची आवक वाढते ती उन्हाळ्यात. आडत दुकानातील संगणकाची परीक्षाही याच दिवसांत होते. बाहेर पारा चाळीस अंशांपलीकडे गेलेला असतो, विजेचा दाब वरखाली होत असतो, हळदीची बारीक धूळ हवेत असते आणि हिशेबपट्टीसाठी शेतकरी दारात उभा असतो. अशा वेळी पडदा निळा होऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला, की एकच सल्ला ऐकू येतो: ‘फॉरमॅट मारून टाका.’ हा सल्ला घाईचा असतो आणि प्रसंगी फार महाग पडतो.

विंडोज पुन्हा बसवता येते. पुसली गेलेली खतावणी परत मिळेलच असे नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागते. म्हणून बिघाड दिसताच पहिले काम दुरुस्तीचे नसून प्रत काढण्याचे आहे. टॅली किंवा जी कोणती हिशेबप्रणाली असेल ती बंद करून तिचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावे. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची नोंद व शिल्लक जुळते का, हे पाहावे. संगणक सुरूच होत नसेल, तर जाणकाराकडून त्याची डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून प्रत काढता येते.

प्रत हाती आल्यावर बिघाडाची रीत न्याहाळावी. कोणताही संदेश न देता संगणक एकाएकी बंद पडत असेल, तर संशय प्रथम वीजपुरवठ्यावर आणि उष्णतेवर घ्यावा. यूपीएसची बॅटरी क्षीण झाली आहे का, अर्थिंग नीट आहे का, पंखा फिरतो का आणि त्याच्या जाळीत धुळीचा थर बसला आहे का, हे तपासावे. धूळ काढताना वीज तोडावी आणि झोताने पंखा गरगर फिरू नये म्हणून तो बोटाने धरून ठेवावा. निळ्या पडद्यावर दर वेळी निराळा संदेश येत असेल, तर रॅम तपासावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून यंत्र चालवून पाहावे. विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक ही चाचणीही लावावी. यंत्र अडखळत चालते, फाइल उघडायला फार वेळ लागतो, डिस्कमधून टकटक आवाज येतो, ही डिस्क निकामी होत असल्याची लक्षणे होत. अशा डिस्कवर प्रत काढण्यापूर्वी दुरुस्तीची लांबलचक चाचणी चालवू नये. त्या श्रमानेच ती कायमची मान टाकू शकते.

नवा प्रिंटर, नवा ड्रायव्हर किंवा नुकतेच झालेले अपडेट यांनंतर बिघाड सुरू झाला असेल, तर दोष आज्ञावलीत असण्याचा संभव अधिक. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर दिवसवार आलेख दाखवतो आणि बिघाडाच्या दिवशी तांबडी फुली मारतो. त्या दिवशी काय बसवले गेले, तेही तेथेच दिसते. मग सेफ मोडमध्ये जाऊन तेवढेच काढून टाकता येते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. भारतातील विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढ्या मोठ्या संकटावरचा उपाय मात्र छोटा होता: संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल काढून टाकणे. ज्या यंत्रांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, तेथे आधी तिची रिकव्हरी की शोधावी लागली. नव्या लॅपटॉपवर असे कुलूप पुष्कळदा आधीपासूनच लागलेले असते. ती की कागदावर उतरवून तिजोरीत ठेवलेली बरी.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा आणि एक-दोन दिवस यंत्र वापरून पाहावे. रॅम, वीजपुरवठा आणि विंडोज एकदमच बदलले, तर खर्च तिप्पट होतो आणि खरा दोष कळतच नाही. गल्ल्याजवळ एक वही ठेवून बिघाडाची तारीख, वेळ, पडद्यावरील संदेश आणि त्या क्षणी चालू असलेले काम लिहावे. तंत्रज्ञापुढे ही वही ठेवली, की त्याचा बराच वेळ वाचतो आणि अनावश्यक सुटा भाग गळ्यात पडत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुने यंत्र बदलायचे असेल, तर ते आवक सुरू होण्यापूर्वी बदलावे. धूळ काढणे, यूपीएस तपासणे ही कामेही माघ सरण्याआधी उरकावीत. रोज दुकान वाढवताना दिवसाच्या हिशेबाची प्रत घ्यावी. त्यासाठी दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात, एक घरी ठेवावी, आणि प्रत घेऊन होताच डिस्क संगणकापासून सोडवावी. जोडून राहिलेल्या डिस्कवर व्हायरसही पोहोचतो. हे सारे केल्यावरही फॉरमॅट करण्याची वेळ आलीच, तर ते निर्धास्तपणे करता येईल.